दोन दारांची चैन : जुन्या ‘सिएरा’चें गुणदोषविवेचन

ग्रंथ, चित्र, गायन यांचें परीक्षण करण्याचा प्रघात आपल्याकडे रुळला आहे. परंतु कारखान्यांत जन्मास आलेल्या वस्तूंचें परीक्षण आपण दलालाच्या नाहीं तर मिस्त्र्याच्या हातीं सोंपवून मोकळे होतों. दलालास ती वस्तु विकावयाची असते, मिस्त्र्यास ती दुरुस्त करावयाची असते. ती मुळांत कशी घडली होती, तिच्यांत जें चांगलें होतें तें कशामुळें चांगलें होतें, आणि त्यांतलें आज किती शिल्लक आहे, हे प्रश्न विचारण्यास दोघांनाहि सवड नसते. हे प्रश्न टीकाकाराचे आहेत. आणि वस्तु जुनी व एके काळीं चैनीची म्हणून नांवाजलेली असली म्हणजे ते विशेषच बिकट होतात. जुन्या कामाच्या वस्तूची परीक्षा सोपी असते. जुना नांगर जमीन नांगरतो कीं नाहीं एवढें पाहिलें कीं भागतें. जुन्या चैनीच्या वस्तूविषयीं मात्र आधीं हें ठरवावें लागतें कीं, तिची चैन नक्की कोणती होती, आणि ती वस्तूच्या कोणत्या भागांत वास करीत होती.

हा प्रश्न आज काढण्यास निमित्तहि आहे. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत टाटा मोटर्सनें ‘सिएरा’ हें आपलें जुनें नांव एका नव्या गाडीस दिलें. त्यामुळें १९९१ पासून २००३ पर्यंत पुण्यास तयार होत असलेली मूळची सिएरा पुन्हां लोकांच्या बोलण्यांत आली, आणि ‘एखादी बरी जुनी मिळाली तर घ्यावी’ असें ज्यांस वाटावें त्यांची संख्या कमी नाहीं. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत हा विचार हौसेचा असला तरी खेळ नव्हे. येथें पावसाचा भरंवसा नाहीं, सोयाबीनच्या भावाचा तर त्याहून नाहीं. एका हंगामाची शिल्लक चुकीच्या गाडींत घातली तर ती पुन्हां उभी करण्यास कित्येक हंगाम लागतात. म्हणून या गाडीचें परीक्षण आठवणींच्या उमाळ्यानें न करतां थोड्या शिस्तीनें केलें पाहिजे.

प्रथम जातीचा विचार करूं. पाश्चात्त्य लोक ज्या गाडीस ‘कूपे’ म्हणतात तिचें नांव मूळ फ्रेंच असून ‘कापलेली’ असा त्याचा अर्थ आहे. घोड्यांच्या जमान्यांत समोरासमोर दोन बैठका असलेली बंद बग्गी असे. तिची एक बैठक कापून टाकून दोघांपुरती जी आटोपशीर बग्गी करण्यांत आली, तिला हें नांव पडलें. आपल्या वाचकांस हा शब्द रेल्वेच्या पहिल्या वर्गांतील दोघांच्या ‘कुपे’मुळें परिचित आहेच; तेथेंहि अर्थ तोच, दोघांपुरता कापून घेतलेला एकान्त. पुढें मोटारी आल्या तेव्हां दोन दारांच्या गाडीस हें नांव मिळालें. त्यामागील कल्पना अशी कीं, गाडी चालविणारा हाच गाडीचा धनी. त्याच्या शेजारीं एक माणूस. मागील बैठक असली तरी ती सौजन्यापुरती. चार दारें करणें परवडत असतांना दोनच करावीं, हीच कूपेची खरी चैन. ती जागा वाढवून मिळत नाहीं, माणसें वगळून मिळते.

१९९० च्या दशकांत ही कल्पना युरोपांत व जपानांत शिगेस पोंचली होती. बी. एम. डब्ल्यू.ची आठव्या मालिकेंतील गाडी, मर्सिडिझच्या मोठ्या दोन-दारी गाड्या, आणि १९९१ मध्यें निघालेली लेक्ससची ‘एस. सी.’ हीं त्या दशकाचीं भूषणें. या गाड्या जुन्या झाल्यावर त्यांनीं घेणारांस जे धडे शिकविले ते आपल्याला उपयोगी आहेत. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मर्सिडिझनें आपल्या इंजिनाच्या तारांवर जें आवरण वापरलें तें उष्णतेनें ठिसूळ होऊन गळून पडे. इंजिन लोखंडासारखें खणखणीत, पण त्याला आज्ञा पोंचविणारी तार उघडी! बी. एम. डब्ल्यू.च्या त्या वेळच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांत सिलिंडरच्या आंतून निकेलचा एक अभिनव लेप दिला होता. पेट्रोलमध्यें गंधकाचें प्रमाण जास्त असलें कीं तो लेप झिजे. दोन्ही उदाहरणांतला बोध एकच आहे. ज्या गोष्टीमुळें ती गाडी आपल्या काळाच्या पुढें होती, तीच गोष्ट आधीं नासली. आणि जें जुन्या पद्धतीचें, जाड व साधें होतें तें टिकून राहिलें.

आपल्याकडे त्या दशकाच्या आरंभीं परदेशी कूपे दिसणें दुर्मिळ होतें. आयातीवर निर्बंध होते आणि जकात जबर होती. पुण्यास मर्सिडिझ तयार होऊं लागली ती १९९५ मध्यें, व तीहि चार दारांची. दोन दारांची चैन मराठी मुलखानें पाहिली ती मुख्यतः सिएराच्या रूपानें. काटेकोर अर्थानें सिएरा ही कूपे नव्हे. ती चासीवर उभी, उंच, पाठीवर जादा चाक वागविणारी गाडी. मागचें दार धरलें तर तिला तीन दारें. डोंगर-दऱ्यांत हिंडण्याचें तिचें सोंग आहे, आणि चारहि चाकांना जोर देणारी तिची आवृत्ति घेतली तर तें केवळ सोंग राहत नाहीं. तरी धनी पुढें, पाहुणे मागें, आणि मागच्यांना उतरावयाचें तर पुढच्यानें उठावयाचें, हें कूपेचें तत्त्व तिच्यांत पुरेपूर उतरलें आहे. म्हणून त्या दशकांतील जुन्या चैनीच्या कूपेचा विचार महाराष्ट्रांत करावयाचा तर तो सिएरेवरच करावा लागतो.

तिची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण गुण आणि दोष दोन्ही त्या कुळांतूनच आले आहेत. टेल्को ही कंपनी १९४५ मध्यें आगगाडीचीं इंजिनें बांधण्यासाठीं निघाली आणि १९५४ पासून मर्सिडिझ-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी करूं लागली. ओझें वाहणें हा तिचा कुलधर्म. १९८८ च्या सुमारास तिनें एक लहान मालगाडी काढली. पुढें दोन दारांची खोली आणि मागें माल टाकण्यास उघडा हौदा. याच गाडीच्या पायावर १९९१ मध्यें सिएरा उभी राहिली. चासी तीच, १९४८ सी. सी.चें डिझेल इंजिन त्याच घराण्यांतलें, आणि चेहराहि त्याच वळणाचा. त्यावर वातानुकूलन, बटनानें वर-खालीं होणाऱ्या दारांच्या कांचा, इंजिनाचे फेरे दाखविणारें मीटर, उंची कमीजास्त करतां येणारें स्टिअरिंग, हीं त्या काळीं अपूर्व वाटणारीं सुखें चढविण्यांत आलीं.

आतां गुणांकडे वळूं. ज्या गाडीचा पुढचा अर्धा भाग दोन दारांच्या मालगाडीचा आहे तिला चार दारें करणें म्हणजे नवे सांचे, नवा खर्च. ही अडचण होती. परंतु दुबळा कवि ज्या वृत्तामुळें अडखळतो त्याच वृत्ताच्या बंधनांतून समर्थ कवि नवें सौंदर्य काढतो. सिएराच्या आकृतिकारांनीं तसें केलें. दुसऱ्या दाराची जागा त्यांनीं पत्र्यानें बुजविली नाहीं. तेथें त्यांनीं बाजूनें चढून छपराकडे वळणारी एक मोठी कांच बसविली. दोन्ही बाजूंस अशा दोन कांचा. मागच्या बैठकींत बसणारास बाजूचें शिवार आणि वरचें आकाश एकदम दिसे. ज्या देशांत मागची बैठक म्हणजे काळोखाची कोंदट जागा, त्या देशांत ही कल्पना धाडसी होती. सिएरा नंतर ज्या कोणास आठवते त्यास ती या कांचेमुळेंच आठवते. साठ-पासष्ट अश्वशक्तीचें तिचें आरंभीचें इंजिन वजनाच्या मानानें मंदच होतें; १९९७ मध्यें टर्बो आल्यावर तिला कांहीं दम आला; परंतु वेगासाठीं कोणी तिचें कौतुक करीत नाहीं आणि करावयासहि नको. तिचें काव्य कांचेंत आहे.

आणि तिचा मुख्य दोषहि त्या कांचेंतच आहे. ती कांच उघडत नाहीं. मागें बसलेल्या माणसाच्या हातीं वाऱ्याची एक फटहि नाहीं. धाराशिवच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळीं आकाश दाखविणारी कांच ऊनहि तितक्याच उदारपणें आंत घेते. म्हणजे ही सुंदर कांच सुसह्य राहते ती केवळ वातानुकूलनाच्या आधारानें. तें यंत्र बंद पडलें कीं सौंदर्याची भट्टी होते. वस्तूच्या अंगचें सुख वरून लावलेल्या सुखावर टांगून ठेवणें, ही या रचनेंतील मूलभूत चूक होय.

हा भेद नीट ध्यानांत यावा म्हणून याच जिल्ह्यांतील एका थोर बांधकामाकडे बोट दाखवितों. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचें हें काम. पावसाळ्यांत पाणी बंधाऱ्यावरून नर-मादी धबधब्यांच्या रूपानें कोसळतें आणि आंत बसलेला मनुष्य कोरडा राहून तें पाहतो. ही सुद्धां चैनच, तीहि राजेरजवाड्यांची. परंतु ती चैन बंधाऱ्याच्या दगडांतच कोरलेली आहे. नदी अडविणारी भिंत आणि सुख देणारें दालन एकच असल्यामुळें भिंत जोंवर उभी तोंवर सुख उभें. त्या दालनांतील पडदे, गालिचे, दिवे केव्हांच गेले, आणि त्यांच्यावांचून पाणीमहालाचें कांहीं अडलें नाहीं. सिएरेंत मात्र कांच ही दालन आहे आणि थंड हवेचें यंत्र हा गालिचा आहे. येथें गालिचा गेला तर दालनांत बसवत नाहीं.

जुन्या चैनीच्या वस्तूचें मूल्य ठरविण्याचा नियम यावरून काढतां येतो. तिच्यांतील सुखें दोन रकान्यांत मांडावीं. एका रकान्यांत घडणींतलीं सुखें : आकृति, प्रकाश, बैठकीची उंची, चासीचा भक्कमपणा. दुसऱ्या रकान्यांत लावलेलीं सुखें : बटनें, मोटरी, थंड हवा, रबर, अस्तर. पहिल्या रकान्यास भाव द्यावा. दुसऱ्यास, तीं सुखें चालू असलीं तरीहि, भाव देऊं नये. आणि तीं बंद असलीं तर तीं पुन्हां चालू करण्याचा सारा खर्च किंमतींतून वजा करावा. विकणारा नेमका उलट हिशोब करतो. तो ‘ए. सी. आहे, पॉवर विंडो आहे’ असें सांगून त्यांचे पैसे मागतो. ‘आहे’ आणि ‘चालतें’ यांतील अंतर घेणारानें आपल्या खिशानें मोजावयाचें असतें.

दारांविषयींचा आक्षेप याहून जुना व सर्वश्रुत आहे. आपल्या समाजांत मोटारींतील मानाची जागा मागची. पुढें ड्रायव्हर, मागें मालक. आणि घरची गाडी असेल तर पुढें मुलगा, मागें आईवडील. सिएरेंत वडीलधाऱ्यांस मागें बसवावयाचें तर पुढची बैठक वाकवून त्या सांदींतून त्यांना आंत जावें लागतें. तुळजापूरच्या दर्शनास निघालेल्या घरांतील नऊवारी नेसलेल्या आजीबाईंनीं हा व्यायाम करावा अशी अपेक्षा करणारी गाडी येथल्या कुटुंबव्यवस्थेशीं उघड उघड भांडण मांडून बसली होती. त्या भांडणांत गाडी हरली. कंपनीनें १९९२ मध्यें त्याच घराण्यांतली ‘इस्टेट’ काढली आणि १९९८ मध्यें ‘सफारी’; दोहोंनाहि मागच्यांसाठीं दारें होतीं. परंतु जुन्या गाडीच्या परीक्षणांत या आक्षेपास फार वजन देऊं नये, असें आमचें मत आहे. दोन दारें हा दोष लपत नाहीं. तो पहिल्या क्षणींच दिसतो आणि ज्याच्या घरांत म्हातारीं माणसें आहेत तो सरळ दुसरी गाडी पाहतो. जो दोष झांकलेला नसतो तो माणसास फसवीत नाहीं.

आतां प्रत्यक्ष परीक्षेचा क्रम. बैलबाजारांतला जाणता शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगास तो भाव देत नाहीं. पण तोच शेतकरी मोटार घेतांना पुष्कळदां रंगास भुलतो, नाहीं तर दुसऱ्या टोंकास जाऊन ‘इंजिन चांगलें ना, मग झालें’ म्हणतो. हें दुसरें मत मिस्त्र्यांचें असल्यामुळें तें मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें जातें. मालमोटारीस तें लागू आहे. सिएरेस नाहीं. कारण उघड आहे. १९९४ मध्यें निघालेल्या ‘सुमो’लाहि याच घराण्याचें इंजिन होतें, आणि सुमो तर मराठवाड्याच्या तालुक्या-तालुक्यांत वडापाच्या आणि लग्नाच्या वऱ्हाडांच्या कामीं वर्षानुवर्षें राबली. त्यामुळें या इंजिनाचा स्वभाव ओळखणारा मिस्त्री उमरग्यास मिळेल, कळंबला मिळेल, परंड्यास मिळेल. इंजिन थकलें असेल तर तें खोलून पुन्हां बांधतां येतें. परंतु ती वळणदार कांच फक्त सिएरेचीच. ती फुटली तर सुमोची कांच तेथें बसत नाहीं. म्हणून सिएरेच्या परीक्षेंत जें सर्वत्र शेवटीं पाहतात तें पहिल्यानें पाहिलें पाहिजे.

पहिल्यानें दोन्ही बाजूंच्या कांचा. त्या मूळच्या आहेत काय, त्यांच्या कडांना चीर गेली आहे काय, आणि त्यांच्या भोंवतीचें रबर जिवंत आहे काय, हें पाहावें. येथें स्थळाचा विचार उपयोगी पडतो. मुंबई-कोंकणांत वावरलेल्या गाडीचा पत्रा खाऱ्या दमट हवेनें खालून गंजतो. बालाघाटच्या पठारावरील कोरड्या हवेंत पत्रा त्या मानानें बरा राहतो, पण उन्हानें रबर वाळून तडकतें आणि प्लॅस्टिक पिठासारखें होतें. तडकलेल्या रबरांतून पावसाचें पाणी हळूहळू आंत झिरपतें आणि कांचेच्या बुडाशीं पत्रा आंतून खातें. म्हणून कांचेखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि मागच्या दारास जेथें जादा चाक लटकतें ती जागा, येथें लहानसें लोहचुंबक फिरवून पाहावें. जेथें तें चिकटत नाहीं तेथें पत्र्याच्या जागीं पुट्टी आहे आणि वरून रंगाचा मुलामा आहे, हें समजावें.

दुसरें वातानुकूलन. हें तपासावयाचें तर सकाळीं सावलींत तपासून उपयोग नाहीं. दुपारीं गाडी तासभर उन्हांत उभी करून मग तपासावें. १९९० च्या आरंभींच्या गाड्यांच्या थंड यंत्रांत आर-१२ हा वायु वापरीत. ओझोनचें आवरण नष्ट करणारा म्हणून त्यावर आंतरराष्ट्रीय करारानें बंदी आली आणि आपल्या देशानेंहि २०१० पर्यंत त्याचा वापर संपविला. पुढें वापरांत आलेल्या आर-१३४ए या वायूस निराळें तेल आणि निराळीं रबरी कडीं लागतात. ज्यानें हा बदल नीट केला आहे त्याची गाडी थंड राहते. ज्यानें नुसता नवा वायु जुन्या यंत्रांत भरला त्याची गाडी विक्रीच्या दिवसापुरती थंड असते. हें काम कोणी, केव्हां, कसें केलें याची पावती मागावी. पावती नसेल तर वातानुकूलन नाहीं असें धरून भाव बोलावा.

तिसरें पाण्याची खूण. २०२५ च्या सप्टेंबरांत भूम-परंडा भागांत जो महापूर आला त्याची आठवण ताजी आहे. पुरांत बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारांत येते तेव्हां बाहेरून ती नवी दिसते. बैठकीखालचे लोखंडी पट्टे, पायाखालच्या गालिच्याची खालची बाजू आणि दिव्यांच्या आंतला भाग येथें गाळाची बारीक रेघ राहून जाते. ती दिसली तर पुढची परीक्षा करण्यांत वेळ घालवूं नये.

यानंतर इंजिन. बॉनेटवर हात ठेवून तें थंड आहे याची आधीं खात्री करावी. आधींच गरम करून ठेवलेलें डिझेल इंजिन आपला दोष लपवितें. या इंजिनांत थंडीच्या वेळीं सिलिंडर तापवून घेण्यासाठीं हीटर असतात. ते निकामी असतील तर सकाळीं गाडी रडत सुरू होते आणि पांढरा धूर टाकते. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. काळा म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं. चालू इंजिनाचें तेल घालण्याचें झांकण उघडून पाहावें; आंतून जोरानें वाफारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा संपत आल्या आहेत. बोअरचें क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्यें वर्षानुवर्षें ओतलेलें असेल तर त्याच्या नळ्यांत पांढरी पुटें धरतात आणि इंजिन चढावर तापतें. किलोमीटरच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. ब्रेक आणि क्लच यांच्या पायट्यांचें रबर किती झिजलें आहे तें पाहावें, तें खोटें बोलत नाहीं. शेवटीं भर दुपारीं, चार माणसें बसवून, वातानुकूलन चालू ठेवून गाडी तुळजापूरच्या घाटावर चढवावी. या एका चढावर तापमानाचा कांटा आणि मागें बसलेल्या माणसाचा चेहरा असे दोनच साक्षीदार पाहावयाचे. दोघेहि शांत राहिले तर गाडीची घडण आणि तिच्यावर लावलेलें सुख यांचें अजून जमतें आहे, असा निर्वाळा देण्यास हरकत नाहीं.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण तो टाळून चालत नाहीं. चासीवर ठोकलेला नंबर आणि आर. सी. बुकांतील नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. एम. एच. २५ सोडून दुसऱ्या पासिंगची गाडी असेल तर ना-हरकत दाखल्यावांचून एक पैसाहि देऊं नये. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढें योग्यता तपासून ती पांच-पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. २०२२ मध्यें या कामाची फी पांच हजार रुपये झाली, आणि २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींस ती दहा हजार करण्यांत आली. शेवटची सिएरा २००३ सालची. म्हणजे आज प्रत्येक सिएरा वीस वर्षांपलीकडची आहे. पर्यावरण कर निराळाच. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षें पुरीं झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ हा मान मिळतो. पहिल्या सिएरेस तो २०४१ पूर्वीं मिळणें नाहीं. तोंवर ती कायद्याच्या दृष्टीनें ना पुराणवस्तु, ना नवी, केवळ जुनी. म्हातारपणाचा सर्व कर तिच्यावर बसतो आणि म्हातारपणाचा आदर मात्र मिळत नाहीं. घेणारानें हा खर्च किंमतीच्या बाहेरचा न समजतां किंमतीचाच भाग समजला पाहिजे.

येथपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. कोणी म्हणेल, ‘तुम्ही पत्रा आणि पावत्या मोजल्या, पण या गाडीची खरी किंमत आठवणींत आहे. लहानपणीं ज्या कांचेंतून आकाश पाहिलें त्या कांचेस बाजारभाव कसला?’ आठवण मौल्यवान असते हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती आठवण कोणाची? ती घेणाराची. ती तो आपल्या घरून घेऊन येतो. मग तिची किंमत त्यानें विकणारास कां द्यावी? जुन्या बाजारांतील बहुतेक फसवणूक एवढ्याशा गफलतीवर उभी असते : घेणारा आपलीच वस्तु परक्याकडून विकत घेतो. टीकाकाराचें काम आठवण खोटी ठरविण्याचें नाहीं. तिचा आणि समोर उभ्या असलेल्या पत्र्याचा हिशोब वेगळा ठेवण्याचें आहे. दोन हिशोब वेगळे ठेवल्यावरहि ज्यास जास्त पैसे द्यावेसे वाटतील त्यानें खुशाल द्यावे. निदान कशासाठीं दिले हें त्यास ठाऊक राहील.

२०२५ च्या नव्या सिएरेकडे या दृष्टीनें पाहिलें तर कंपनीनेंच आपल्या जुन्या कृतीवर टीका लिहिली आहे असें दिसतें. नव्या गाडीस मागच्यांसाठीं दारें आहेत. म्हणजे समाजाचा आक्षेप मान्य झाला. बाजूची छपराकडे वळणारी कांच मात्र आतां पूर्वीच्या रूपांत राहिलेली नाहीं. तिच्या जागीं काळ्या रंगाच्या सहाय्यानें त्या आकाराची नुसती आठवण करून दिली आहे. जें घडणींत होतें तें अलंकारांत गेलें. नवी गाडी सोयीची आहे यांत संशय नाहीं. परंतु अडचणींतून सौंदर्य काढण्याचा तो जुना पराक्रम तिच्या वांट्यास आला नाहीं, कारण ती अडचणच उरली नाहीं. जुन्या सिएरेची योग्यता यामुळें कमी न होतां अधिक स्पष्ट होते. ती सदोष आणि अस्सल होती.

तेव्हां निर्णय असा. ज्या सिएरेच्या दोन्ही वळणदार कांचा मूळच्या व अभंग आहेत, कांचेखालचा पत्रा खरा आहे, थंड हवेचें काम पावतीनिशीं नीट झालेलें आहे आणि कागदपत्र जुळतात, तिचें इंजिन थकलेलें असलें तरी ती घेण्याजोगी आहे. इंजिन बांधण्याचा खर्च वजा करून भाव सांगावा. जिचें इंजिन घड्याळासारखें चालतें पण कांच बदललेली, रबर वाळलेलें आणि वातानुकूलन बंद आहे, ती सिएरा म्हणून घेऊं नये. तेवढ्याच इंजिनाची जुनी सुमो कमी पैशांत मिळेल आणि तिच्या खिडक्या उघडतील. आणि ज्याच्या घरीं मागें बसणारीं वडील माणसें आहेत, त्यानें हा लेख वाचून झाल्यावर पांच दारांच्या गाडीची चौकशी करावी, हें उत्तम.